सेलवाली ताई

जानेफळच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेले आणि तोंड उघडलं, की एखादी तरी भाजीवाली मान वर करते. "ताई, आज वांग्यायवर किती सूट हाय?" असं विचारते आणि स्वतःच हसते. मीही हसते, दुसरं करणार काय! चेहऱ्यानं मला आमच्या गल्लीबाहेर फारसं कोणी ओळखत नाही. आवाजानं मात्र मेहकर-लोणारकडची निम्मी खेडी ओळखतात. दारावरून जाणाऱ्या ऑटोच्या भोंग्यातून 'ऐका हो ऐका, माता-भगिनींनो' असं जे काही कानावर येतं, ती बहुतेक वेळा मी असते. साड्यांचा सेल मी, बोअरवेलची गाडी मी, डोळे तपासणीचं शिबिर मी, आणि निवडणुका आल्या की विकासाची गंगाही मीच.

दिवाळी अंकवाल्यांनी 'तुमच्या कामाच्या सवयींबद्दल लिहा' असं सांगितलं, तेव्हा आधी मला गंमत वाटली. नोकरी नाही, ऑफिस नाही, डोक्यावर साहेब नाही. लोकांचा समज असा की ही बाई मनात आलं की दोन शब्द बोलते आणि मोकळी होते. "दोन मिनिटाचं तर काम हाय, ताई," असं म्हणणारा दुकानदार मला अजूनही डोळ्यांसमोर नको वाटतो. दोन मिनिटांचं असतं तर तूच बोल ना बाबा, मोबाइल तर तुझ्याकडेही आहे.

काम असं असतं. दुकानदार व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतो. मजकूर म्हणजे दुकानाचं नाव, पत्ता आणि खाली 'बाकी तुमी जोडा'. मी जोडते. ते मोबाइलमध्ये बोलते, श्वासाचे आणि आवंढ्याचे आवाज काढून टाकते, मागे संगीत घालते आणि पाठवून देते. ऑटोवाला आपला फोन भोंग्याच्या मशीनला जोडतो आणि गावोगाव हिंडतो. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून देवरावकाकांची पिठाची गिरणी आहे. लाइट असली की गिरणी चालते, आणि गिरणी चालली की माझं काम बंद. त्यामुळे माझा सगळा दिवस लाइटच्या उलटा. लाइट गेली की गाव हातपंखा शोधतं, मी फोन शोधते. आतल्या खोलीच्या खिडकीला गादी उभी केलेली असते, दाराला गोधड्या टांगलेल्या. त्या कोंडमाऱ्यात, वैशाखातसुद्धा, मी घामानं निथळत 'थंडगार खरेदीचा आनंद' विकते.

सकाळी उठल्यावर पहिलं काम होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. घरच्यांना सवय झाली आहे, चहा हवा की नको हे ते भुवईवरून ओळखतात. शेजारणीला मात्र बरीच वर्षं वाटत होतं की आमच्या घरात रोज सकाळी भांडण असतं. दही नाही, लोणचं नाही, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. बोलताना बसायचं नाही, उभं राहूनच बोलायचं, कारण बसलं की पोट दुमडतं आणि आवाजही दुमडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हसायचं. मी पोरवयात जयंतीच्या स्टेजवर निवेदन करायचे तेव्हा एका जुन्या निवेदकानं मला हे शिकवलं होतं. ओठ हसले की आवाज हसतो, आणि हसऱ्या आवाजासाठी माणूस दारात येतो. ते इतकं अंगात भिनलं की फोनमधलं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं की माझे ओठ आपोआप फाकतात. एकदा माझ्या पोरीनं गुपचूप व्हिडिओ काढून मला दाखवला. बंद खोलीत भिंतीकडे पाहून एकटीच दात काढणारी बाई पाहून मला माझीच भीती वाटली.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने भेटतात. एका बोअरवेलवाल्याला मागे ढगांचा गडगडाट हवा होता. मी म्हटलं, पाऊस पडणारच असेल तर बोअर कोण मारेल? त्याला ते पटायला वेळ लागला. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचं काम मी घेतलं. आमच्या धंद्यात ते चालतं, आवाज म्हणजे काही इमान नव्हे. पण दोन्ही ऑटो एकाच वेळी चौकात समोरासमोर आले. एका भोंग्यातून मी विकासाचा हिशोब देत होते आणि दुसऱ्यातून तो हिशोब खोटा आहे म्हणून कडाडत होते. लोक दुकानं सोडून ऐकायला आले. दुसऱ्या दिवशी दोन्ही उमेदवार घरी येऊन बसले, आणि एकमेकांना पाहून दोघांनीही चहा घ्यायला नकार दिला.

असे किस्से सांगायला मला आवडतं, आणि दिवाळीत लोकांना ऐकायलाही. पण ज्या दिवसाबद्दल मला खरं लिहायचं आहे, त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

मे महिना होता. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडत. आमच्या मागच्या आळीतली सविता धावत आली. ती वानखड्यांची सून. तिचे सासरे पुंडलिकआबा सकाळी उठून कुठेतरी निघून गेले होते. आबांना दोनेक वर्षांपासून भूल पडायची. कधी मुलालाच 'तू कोणाचा?' विचारायचे, कधी जेवून उठल्यावर जेवायला मागायचे. पण घर सोडून कधी गेले नव्हते.

"बाई, सकाळपासून पाहून राह्यलो," सविता दाराच्या चौकटीला धरून म्हणाली. "हे गाडी घेऊन फिरून राह्यले, पोलिसाइले सांगून झालं, फोटो साऱ्या ग्रुपवर टाकला. कोठीच नायी. पाणीसुद्धा पेले नायी त्यायनं. तुमी भोंग्यावर सांगा ना."

मागच्याच आठवड्यात शेजारच्या गावात एक म्हातारा उन्हात चक्कर येऊन पडला होता. सापडला तेव्हा उशीर झाला होता. हे सविताला माहीत होतं आणि मलाही. दोघींनी त्याचं नाव काढलं नाही.

मी नाव, वय, कपडे विचारून घेतले. गिरणी धडधडत होती. मी भिंतीवरून देवरावकाकांना हाक मारली, तर दळण घेऊन आलेल्या बायांची रांग तशीच उभी ठेवून त्यांनी बटण बंद केलं. खोलीत शिरले, गोधडी ओढली, लाल बटण दाबलं. एका दमात बोलले. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, वय, अंगात पांढरा सदरा, धोतर, डोक्याला रुमाल, पायात काही नाही. कोणाला दिसल्यास जागेवर थांबवून ठेवावे, पाणी पाजावे, या नंबरवर कळवावे. घाईघाईत सफाई केली, पाठवलं. सलीमभाईंचा ऑटो त्या दिवशी आमच्याच भागात साड्यांच्या सेलसाठी फिरत होता. मी फोन करून म्हटलं, सेल बंद करा, हे लावा आणि शिवारातल्या सगळ्या रस्त्यांनी जा.

"पैशाची बात नका करू ताई," ते म्हणाले. मी काढलीही नव्हती.

सविता घरी गेली. मला वाटलं, आपलं काम झालं. पण थोड्या वेळानं सलीमभाईंचा फोन आला. मागे भोंगा चालू होता आणि त्यातला माझा आवाज मला ऐकू येत होता.

"ताई, काई फायदा नायी होऊन राह्यला. कोनी बाहेर येतच नायी. वस्तीवर पोरं ऑटोच्या मागं नाचून राह्यली. एक बाई आली दारात, तर मले विचारते, कोन्त्या दुकानात हाय म्हने?"

मी म्हटलं, काय बोलता सलीमभाई, असं कसं होईल? त्यांनी फोन भोंग्याजवळ धरला. आणि मग मी ऐकलं. मागे साडीच्या सेलचं संगीत होतं. सवयीनं बोट तिथेच गेलं होतं. आणि आवाज हसत होता. पुंडलिक सखाराम वानखडे, वय वर्षे पंच्याहत्तर, सकाळपासून बेपत्ता आहेत, हे मी असं सांगत होते की जणू त्यांच्यावर दुसरं मोफत मिळणार आहे. बटण दाबलं तसे ओठ फाकले होते. मला तर कळलंसुद्धा नव्हतं.

तो राग कोणावर काढावा ते समजेना. इतकी वर्षं ज्या सवयीचा मी तोरा मिरवला, तिनंच माझा घात केला होता. एक माणूस उन्हात कुठेतरी पडला असेल आणि मी दात काढून त्याची जाहिरात करत होते.

काकांनी परत गिरणी थांबवली. मी परत बोलले. या वेळी खाली बसून, दोन्ही हातांनी गाल दाबून धरून, संगीताशिवाय. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. पाठवलं आणि दाराशीच उभी राहिले. अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आबा अनवाणी होते.

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी पहिल्या रिंगला उचलला.

"लोक ऐकून राह्यले का?"

"ऐकतात न् आत जातात," ते म्हणाले. त्यांचाही घसा बसला होता. त्यांच्या मशीनला बोलायचा माइक नव्हता, म्हणून थांबून थांबून ते स्वतः ओरडत होते. "ताई, राग नका येऊ देऊ. आवाज तोच हाय ना. साऱ्याइले वाटते, सेलवाली ताई आली. मले म्हनतात, काई नवी स्कीम असन."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी भिंतीला टेकले. माझा आवाज दर सणाला, दर हंगामाला त्यांच्या दारावरून जात होता. 'शेवटची संधी' असं मी इतक्या वेळा सांगितलं होतं, आणि पुढच्या महिन्यात परत तेच सांगायला आले होते. लोकांनी मला न ऐकायला शिकून घेतलं होतं आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं. बोलण्यावर पोट भरणाऱ्या बाईला याहून वाईट काय कळायचं राहिलं होतं, मला सांगता येत नाही.

दुसरा आवाज पाहिजे होता. जो कोणी कधी भोंग्यातून ऐकला नाही असा, घरच्या माणसाचा. मी सविताच्या घरी गेले. ती फोनवर रडत कोणाला तरी नंबर सांगत होती, तिच्या घशातून धड शब्द फुटत नव्हता. ओट्यावर आबांच्या मंडळी कौसल्याबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच विचारत होत्या, "दिसले काय?"

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "काकू, तुमी बोला भोंग्यावर. आबांचं नाव सांगा, ते घरून गेलेत म्हणून सांगा. तुमचा आवाज ऐकून लोक शोधतील."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "नाव?"

"हो, पूर्ण नाव."

"नाव कसं घेऊ वं? आजपावतो कधी घेतलं नायी."

सविता फोन ठेवून म्हणाली, "आत्याबाई, आता हे पाहासाची वेळ हाय काय? घ्या ना एकदा."

कौसल्याबाईंनी प्रयत्न केला. मी फोन समोर धरला, त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या ओठांतून नुसती हवा आली. परत प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. नाव घेतलं तर जिथं असतील तिथं त्यांना काहीतरी होईल, अशी भीती त्या चेहऱ्यावर मला सरळ दिसत होती. मला एकदा वाटलं ओरडावं. घड्याळ बघत होते, ऊन बघत होते, आणि ही बाई दोन शब्दांसाठी अडली होती. मी आवाज चढवलाही. "काकू, नाव नाही घेतलं तर लोकांना कळंन कसं कोण हरवलं ते?"

"ते मले नायी समजत," त्या म्हणाल्या. "मी त्यायले जशी हाक मारतो, तशी मारीन. दुसरं मले येत नायी."

माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, मारा.

पण फोनकडे पाहून त्यांना तेही जमेना. माइकला बुजणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत, त्यांना समजावत बसून उपयोग नसतो. मी त्यांना उठवून दाराशी नेलं, तोंड रस्त्याकडे केलं आणि मागे उभी राहून फोन त्यांच्या खांद्याशी धरला. "जेवायच्या वेळी कशी बोलावता, तशी हाक मारा," एवढंच म्हटलं.

त्यांनी एका हातानं चौकट धरली.

"अवो शोभाचे बाबा! या ना आता घरी. भाकर थंडी होऊन राह्यली. मी बसली ना तुमच्यासाठी. अवो शोभाचे बाबा!"

तो आवाज त्या लहानशा बाईत कुठून आला माहीत नाही. समोरची दोन-तीन माणसं थबकली. शोभा त्यांची थोरली लेक, लग्न होऊन पार खामगावकडे दिलेली. मागे कोंबडी ओरडली, एक फटफटी गेली, सविताचा हुंदका आला. एरवी हे सगळं मी कापून फेकते. त्या दिवशी काहीच कापलं नाही. ना नाव, ना वय, ना कपडे, ना नंबर. अशी जाहिरात मी कोणत्याच गिऱ्हाइकाला दिली नसती. तशीच सलीमभाईंना पाठवली आणि म्हटलं, हेच लावा. थांबू नका.

आम्ही तिघी ओट्यावर बसलो. सविता पाण्याचा तांब्या भरून आणत होती आणि कोणी न पिता तो परत नेत होती. कौसल्याबाई रस्त्याकडे पाहत होत्या. मी फोन मांडीवर ठेवला होता आणि त्याच्याकडे पाहायची मला भीती वाटत होती. सावल्या ओट्यावर चढायला लागल्या होत्या.

फोन वाजला. सलीमभाई नुसते धापा टाकत होते. मला काही कळेना. मी ओरडले, "बोला ना!"

"भेटले, ताई! नाल्याच्या पुलाखाली होते. पाइपात जाऊन बसले होते सावलीले. मी दोनदा गेलो होतो ना त्याच पुलावरून, दोनदा! तुमचा आवाज लावून."

"मग आले का नाहीत?"

"घाबरले होते म्हनतात. भोंग्यावर स्वतःचं पुरं नाव आलं, बापाचं नाव आलं, तं त्यायले वाटलं पुलिसवाले धराले आले. अजून आत सरकून बसले. आता हे लावलं, तं आपोआप बाहेर आले. पाणी पाजलं म्या. बरे हायेत. पण ताई..." ते थांबले. "ते भोंग्यासमोर उभे राहून भोंग्याशीच बोलून राह्यले. मी काय सांगू त्यायले?"

सगळ्या शिवाराला आम्ही आबांबद्दल सांगत सुटलो होतो. आबांना हाक मारायचं आमच्यातल्या कोणाला सुचलंच नव्हतं. मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो कौसल्याबाईंच्या कानाजवळ धरला. सलीमभाईंनी तिकडे भोंगा बंद केला असावा, कारण आबांचा कोरडा, चिडका आवाज स्वच्छ ऐकू आला.

"काऊन वं? सकाळपासून तुही वाट पाहून राह्यलो मी. हाक माराले एवढा उशीर लावते काय?"

कौसल्याबाईंना फोनवर बोलायची सवय नव्हती. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलंच नाही, रस्त्याकडे तोंड केलं.

"चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या. "या आता."